विकत घेतलेले पुस्तक कुणाचे?

जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बरेचदा दोन-तीन नावे असतात. एक खोडलेले, त्याखाली दुसरे, कोपऱ्यात 'सप्रेम भेट'. ई-पुस्तकाला असे पान नसते. आम्हांला त्याची चुटपुट लागते ती केवळ आठवणींपोटी नव्हे. ते पान मालकीचा दाखला होते.

ई-पुस्तकाच्या दुकानात 'विकत घ्या' असे बटण असते. मिळते ती मात्र बहुधा वाचण्याची परवानगी. ते पुस्तक विकता येत नाही, कुणाला कायमचे देऊन टाकता येत नाही, वारसांच्या नावे होत नाही. पुस्तके वक्फ करण्याची रीत आपल्याला नवी नाही, पण वक्फ करायची वस्तू आधी आपल्या मालकीची असावी लागते.

जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तके अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. ती विक्रीस ठेवणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत झाले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. जुने कागद नाहीसे करणारी राजवट रंगवणारी कादंबरीच नाहीशी झाली, यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. आम्हांला अधिक बोचते ती मिशिगनमधल्या एका शाळकरी विद्यार्थ्याची तक्रार. अभ्यासासाठी केलेली त्याची टिपणे उरली. ज्या मजकुरावर ती केली होती, तो गेला. तो कोर्टात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. समीक्षा सुरू होते ती समासातल्या अशाच नोंदींपासून.

हक्क नसलेला माल परत घ्यायलाच हवा, असे कुणी म्हणेल. मान्य. पण छापील प्रतीसाठी निदान दार तरी वाजवावे लागते.

2023 मध्ये तर पुस्तक जागेवर राहिले आणि मजकूर बदलला. रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील शब्द प्रकाशकाने बदलले, आणि आधीच विकत घेतलेल्या ई-प्रतींतही ते बदल आपोआप उतरल्याच्या बातम्या ब्रिटनमध्ये आल्या. बदल योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. आम्ही ज्या वाक्यावर लिहिले ते वाक्य उद्या तिथे असेल का, हा आमचा प्रश्न आहे. कुळाला निदान 1948 चा कूळकायदा होता. या नव्या कुळाला काय आहे? कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्याला 'ही परवानगी आहे, मालकी नव्हे' असे स्पष्ट सांगावे लागते. सांगणे झाले, देणे नाही.

आम्ही कागदाचे भक्त नाही. कागदाला वाळवी लागते, आणि आमच्यासारख्या वार्षिकांच्या जुन्या प्रती शोधताना किती वणवण होते ते आम्ही जाणतो. मोतीबिंदू झालेल्या वाचकाला मोठी अक्षरे पडद्यावरच मिळतात. कुलूप नसलेली पीडीएफ आपल्या पेनड्राइव्हवर असेल, तर तीही प्रतच. आमच्या लेखकांनी ई-आवृत्तीच्या करारावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : वाचकाच्या हाती फाइल पडणार आहे की नुसती परवानगी?