संवेदना आणि शेजार : मर्ढेकरांच्या लयविचारातील एक गृहीत

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील सौंदर्यविचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर उभा आहे. संवेदनांची या तत्त्वांनुसार झालेली संघटना म्हणजे सुंदर वस्तू, ही त्यातील मध्यवर्ती भूमिका होय. तीमागे एक गृहीत दिसते : संवेदनेचा गुण आधी निश्चित असतो, संबंध नंतर जोडला जातो. लाल आणि हिरवा हे प्रथम लाल व हिरवे असतात. मग त्यांच्यात विरोध प्रस्थापित होतो.

रंगसंवेदनेचे स्वरूप या गृहीताला बाध आणते. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत १८२४ पासून रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळ्या रंगाविषयी तक्रारी आल्या. दोष रंगद्रव्यात नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज दिसत होता. लगतचे रंग एकमेकांपासून दूर सरकतात, प्रत्येक रंग शेजाऱ्याच्या पूरक रंगाकडे झुकतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या परिसरातही याचा पडताळा येतो. काळ्या जमिनीवर फुटलेले बोंड पांढरेशुभ्र भासते. तोच कापूस निळीत काढलेल्या धोतरावर ठेवला की पिवळसर दिसतो. कापूस बदललेला नसतो.

याचा अर्थ असा, की विरोध हा दोन सिद्ध संवेदनांमधील संबंध नव्हे. संवेदना सिद्ध होण्यातच त्याचा वाटा असतो. यामुळे मर्ढेकरांचे लयतत्त्व खोटे ठरत नाही. उलट ते त्यांच्या मांडणीपेक्षा अधिक मूलगामी ठरते. मात्र लयीचे घटक लयीबाहेर काढून तपासता येतात, हा विश्वास सोडावा लागतो.

साहित्यसमीक्षेत हा विश्वास बोलीच्या संदर्भात विशेष घातक ठरतो. ‘पऱ्हाटी’ हे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या तोंडी पिकाचे साधे नाव आहे. त्यात कोणताही ‘गावरानपणा’ नाही. प्रमाणभाषेतील निवेदनात तो शब्द येताच त्याला अस्सलपणाचा, मातीच्या गंधाचा रंग चढतो, आणि समीक्षक तो रंग शब्दाच्या अंगचा मानून लेखकाच्या जमेस धरतो. वस्तुतः तो शेजाराने दिलेला असतो. संपूर्ण कथन वऱ्हाडीत असेल, तर तोच शब्द रंगहीन होतो आणि एखादा संस्कृतप्रचुर शब्द भडक दिसू लागतो.

यावरून अर्थ सर्वस्वी संदर्भाधीन, म्हणून मनमानी, असा निष्कर्ष निघत नाही. धाग्यातील रंगद्रव्य तेच राहते, तसा शब्दाचा कोशगत अर्थही टिकून असतो. आणि रंगाचे सरकणे नियमबद्ध असते. शब्दाला चढलेला रंग कोणत्या शेजारामुळे चढला, हे संहितेतच दाखवता येते. ते न दाखवता दिलेले ‘अस्सल’ हे विशेषण लेखनाच्या गुणाविषयी काही सांगत नाही. समीक्षक कोणती भाषा पार्श्वभूमी म्हणून गृहीत धरतो, एवढेच सांगते.