एक गाथा, दोन ग्रंथ : शालेय पाठांतराची चिकित्सा

मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातील मूल्यशिक्षणाच्या प्रकरणारंभी मनुस्मृतीतील एक श्लोक होता. मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेचा बारावा अध्याय यांचे पाठांतरही सुचविलेले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले, तोच मुलांच्या मूल्यशिक्षणाचा आधार व्हावा, याविषयी संताप उसळला. तो रास्तच होता. तथापि त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न बाजूस पडला. अभिजात वाङ्मय शाळेत शिकवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे?

तो श्लोक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील, १२१ वा. नित्य अभिवादन करणाऱ्या व वृद्धांची सेवा करणाऱ्या मनुष्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बल वाढते, असा त्याचा आशय. पालिच्या अभ्यासकास तो वाचताच थबकावे लागते. कारण धम्मपदाच्या सहस्सवग्गातील १०९ वी गाथा जवळजवळ याच शब्दांत आहे. तेथे वाढणाऱ्या चार गोष्टी आयु, वर्ण, सुख आणि बल या आहेत. भिक्खू आशीर्वादप्रसंगी जी गाथा म्हणतात, तीच ही.

भांडुपच्या एका विहारात रविवारी आम्ही शाळकरी मुलांचा पालि वर्ग घेतो. तेथे मी श्लोक व गाथा फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली. नववीतील एका मुलीने विचारले, “सर, दोन्ही सारखेच आहे, तर मग आपण विरोध कशाला केला?” हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. एकट्या श्लोकाकडे बोट दाखवून त्याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी दोन्ही ग्रंथ उघडावे लागतात.

मनुस्मृतीत याच अध्यायात पुढे कुशल कसे विचारावे याचा नियम आहे. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांना विचारावयाचे शब्द निरनिराळे. १३५ व्या श्लोकात दहा वर्षांचा ब्राह्मण व शंभर वर्षांचा क्षत्रिय यांना पितापुत्र मानावे, आणि त्यांत ब्राह्मण हा पिता, असे सांगितले आहे. १५५ व्या श्लोकात ब्राह्मणाचे ज्येष्ठत्व ज्ञानाने, क्षत्रियाचे पराक्रमाने, वैश्याचे धनधान्याने, आणि शूद्राचे केवळ जन्माने ठरते. लगेच पुढचा श्लोक म्हणतो की केस पिकल्याने कोणी वृद्ध होत नाही. तरुण असूनही ज्याने वेदाध्ययन केले तोच वृद्ध. शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या ‘वृद्धा’ची व्याप्ती कळते.

आता धम्मपद पाहा. धम्मट्ठवग्गातील २६० वी गाथाही हेच म्हणते की केस पिकल्याने कोणी थेर होत नाही. परंतु पुढच्याच गाथेत थेर कोण, तर ज्याच्या ठायी सत्य, धम्म, अहिंसा व संयम आहेत तो, असे सांगितले आहे. अट्ठकथेप्रमाणे ही गाथा लकुण्टक भद्दिय थेरांविषयीची. ते ठेंगणे होते. पाहणाऱ्या भिक्खूंना ते कोवळे सामणेर वाटले. सत्य व संयम यांना जन्माची अट नाही. शब्द सारखे असले तरी वंदन कोणाला, याचे उत्तर दोन ग्रंथांत परस्परविरुद्ध आहे. मसुद्याचा खरा दोष येथे आहे. संदर्भ कापून श्लोक सुभाषितासारखा मांडला, की तो निरुपद्रवी दिसतो आणि त्यामागची समाजव्यवस्था अदृश्य होते.

परंतु ही चिकित्सा आपल्यालाही लागू पडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता ‘गीतेऐवजी धम्मपद पाठ करवून घ्या’ अशी मागणी पुढे येणे स्वाभाविक आहे. ती मान्य झाली तर ग्रंथ बदलेल, पद्धत तीच राहील. यमकवग्गात पुष्कळ पठण करून तसे न वागणाऱ्याला दुसऱ्यांच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. मज्झिमनिकायाच्या अलगद्दूपमसुत्तात, अर्थ न पारखता धम्म पाठ करणे म्हणजे सापाला शेपटीकडून धरणे होय, असा इशारा आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः आत्मसात केले, धर्मशास्त्रे मुळातून तपासली आणि पालि व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ते काम शासनाने १९९८ मध्ये सोळाव्या खंडात प्रकाशित केले. मनुस्मृती जाळणाऱ्याने ती ओळ न् ओळ पारखली होती, हे आपण विसरू नये.

म्हणून शाळेत अभिजात ग्रंथ जरूर यावेत. मात्र प्रत्येक उताऱ्याबरोबर त्याच्या मागचापुढचा भाग, त्याला छेद देणारा दुसरा उतारा आणि शंका विचारण्याची मुभा असावी. हा नियम आपल्या ग्रंथांनाही लावावा. त्या रविवारी मी १०९ व्या गाथेची अट्ठकथाही सांगितली. आयुवड्ढन नावाच्या बालकाचे सात दिवसांत होणारे मरण परित्त-पठणाने टळले, अशी ती कथा. त्याच मुलीने पुन्हा हात वर केला : “सर, हे तरी खरे मानायचे का?” त्या प्रश्नावर वर्ग अर्धा तास अधिक चालला. पाठांतराच्या स्पर्धेत अशा प्रश्नाला गुण नसतात.