अंदाज एकाच बाजूला का चुकतात?

मोर्शीवरून जाणारा अमरावती–नरखेड हा १३८ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९३-९४ मध्ये मंजूर झाला. प्रत्यक्ष गाडी धावायला जवळजवळ दोन दशके लागली. खर्चाचा आणि प्रवाशांचा अंदाज एवढ्या आधी बांधायचा म्हटल्यावर तो चुकणारच, असे आपण म्हणतो. पण या चुकांना काही नियम असतो का?

डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लीव्हबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दर दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता. महागाई वगळूनही रेल्वेची वाढ सरासरी ४५ टक्के होती. २००५ च्या अभ्यासात रेल्वेचे प्रत्यक्ष प्रवासी सरासरीने अंदाजाच्या निम्म्याहून कमी आढळले. नुसत्या अज्ञानाने झालेल्या चुका कधी इकडे, कधी तिकडे पडतात. तराजूचा काटा मुळातच शून्यावर नसेल, तर मात्र प्रत्येक वजन एकाच बाजूला चुकते. म्हणून खर्च जाणूनबुजून कमी दाखवला जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आमचा आक्षेप इथे आहे. समजा, सारख्याच दहा मार्गांचे अंदाज दहा प्रामाणिक अभियंत्यांनी काढले. काही चुकून कमी आले, काही चुकून जास्त. मंजुरी स्वस्त दिसणाऱ्यांनाच मिळणार. पुढे तपासायला तेवढेच मार्ग उरतात आणि त्यांचा खर्च वाढलेलाच दिसतो. कुणीही खोटे न बोलता चूक एकतर्फी होते! निवडीचा हा परिणाम वजा केल्याशिवाय हेतूवर बोट ठेवणे घाईचे आहे.

त्यांचा उपाय मात्र कारण कोणतेही असले तरी लागू पडतो. पूर्वीच्या तशाच प्रकल्पांचे अंदाज किती चुकले ते पाहावे आणि नव्या अंदाजात तेवढी दुरुस्ती करावी. प्रयोगशाळेत आपण शून्य त्रुटी वजा करतो, तसेच हे.

अशी दुरुस्ती केली, तर मोर्शीसारख्या गावांचे मार्ग कागदावर तोट्याचे ठरतील आणि मंजूरच होणार नाहीत, ही भीती खोटी नाही. पण मग संत्र्याला बाजार, मुलांना कॉलेज आणि रुग्णाला दवाखाना गाठता यावा म्हणून मार्ग हवा, असे उघड म्हणावे. गरजेचे ओझे फुगवलेल्या प्रवासीसंख्येवर टाकू नये. पैसा अपुरा धरला की काम रखडते, आणि त्याची झळ गाडीची वाट पाहणाऱ्यांनाच बसते.