आईला भूक नव्हती

गेल्या मे महिन्यात आम्ही घरचे सहा जण एका थीम पार्कला गेलो होतो. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, आई आणि मी. मी नोकरीमुळे साताऱ्यात राहतो, बाकीचं घर तासगावात. बेदाण्याची पट्टी हातात आल्यावर दादाने पोरांना दिलेला शब्द पाळला आणि तिकिटं काढली. ते लोक पहाटे तीनला निघाले, साडेपाचला मला हायवेवर उचललं. गाडीत बसल्या बसल्या वास आला. आई दीड वाजता उठून धपाटे करून आली होती. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि पोरांसाठी गूळपोळ्या.

पार्कचं नाव सांगत नाही. मुद्दा एका पार्कचा नाहीच.

गेटवर पिशव्या तपासल्या. "मावशी, खायचं आत चालत नाही," सिक्युरिटीवाला म्हणाला. तो चांगल्या शब्दांत बोलला. त्याच्या खुर्चीखाली त्याचा स्वतःचा डबा होता, तो मला दिसला आणि मला दिसलाय हे त्यालाही कळलं. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करायला लावल्या. दादा डबा घेऊन उन्हातून पार्किंगला गेला आणि गाडीत ठेवून परत आला. बाहेर जाऊन जेवून येऊ म्हटलं, तर एकदा बाहेर पडलं की तिकीट संपलं.

दुपारी एकच्या सुमाराला फूड कोर्टात गेलो. पाण्याची बाटली साठ रुपये. कधी न ऐकलेल्या नावाची, पण छापील किंमतच साठ, म्हणजे भांडायचीही सोय नाही. वडापावाच्या जोडीला शंभराची नोट पुरत नव्हती. पोरांनी बोट दाखवलेला पिझ्झा साडेतीनशेच्या पुढे. आईला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. तिने काउंटरवरची पाटी डावीकडून उजवीकडे पाहिली आणि म्हणाली, "मला भूक न्हाई. तुम्ही खावा."

दीड वाजता उठलेल्या आणि सकाळपासून एका चहावर असलेल्या बाईला दुपारी एकला भूक नव्हती.

हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरात ऐकलेलं असेल. ते तंगीच्या दिवसांतलं वाक्य आहे. ते सुट्टीच्या दिवशी, हजारो रुपयांची तिकिटं काढून झाल्यावर ऐकू आलं, म्हणून मी हे लिहितोय.

पार्कातलं खाणं महाग आणि दरवर्षी आणखी महाग, ही तक्रार नवी नाही. त्यावर रील्स निघतात, बिलाचे फोटो फिरतात, खाली लोक लिहितात, "परवडत नाही तर जाऊ नका." हे उत्तर मला खोटं वाटतं, कारण ते चुकीच्या प्रश्नाचं आहे. वडापाव महाग असणं हा गुन्हा नाही. विमानतळावर महाग असतो, गडावर पाठीवरून सामान नेणाऱ्याकडे महाग असतो, आणि तिथे तो योग्यही असतो. पार्कातला फरक असा की तिथे आधी तुमचा डबा काढून घेतात आणि मग भाव सांगतात. आपण पैसे मोजतो ते कुंपणाचे.

तुलनेसाठी लांब जायला नको. आमच्या तासगावात ऋषिपंचमीला गणपतीचा रथोत्सव असतो. साताऱ्याकडे खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात. मोठा पाळणा, मौत का कुआँ, ब्रेक डान्स, फुगे, धूळ, कर्णे. थीम पार्कात जे विकतात ते सगळं इथे होतं आणि आहे. जत्रा स्वस्त असते असं मी म्हणणार नाही. रथाच्या दिवशी भेळवालाही भाव चढवतो, पाळणेवाला तर चढवतोच. पण भेळेच्या गाडीशेजारी दुसरी भेळेची गाडी असते, आणि दोन्ही नको असतील तर मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून घरची भाकरी सोडायला कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही तेच करायचो. भाकरी घरची आणि वर चार आण्याची गुडीशेव जत्रेची. जत्रेत आईने "भूक नाही" म्हटल्याचं मला आठवत नाही.

उलटं उदाहरणही आमच्याच जिल्ह्यात आहे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गुरेघरचं मॅप्रो गार्डन. आत जायला तिकीट नाही, धंदा खाण्यापिण्याचा. स्ट्रॉबेरी क्रीम तिथे काही फुकट मिळत नाही. पण भाव पाहून तुम्ही बाहेर येऊन रस्त्यावर भाजलेलं कणीस घेऊ शकता, आणि ही शक्यता आत बसलेल्यालाही ठाऊक असते. उठून जाता येणं हीच गिऱ्हाइकाची ताकद. पार्क तीच काढून घेतो, तेही तुम्ही तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर.

आता पार्कवाल्यांची बाजू. ती पोकळ नाही. पाळणे परदेशातून आणायचे, वीज, देखभाल, पाण्याच्या तलावांवर जीवरक्षक, पावसाळ्यात आणि आठवड्याच्या मधल्या वारी ओस पडलेली मैदानं. खर्च कुठून तरी काढायलाच हवा. अर्थशास्त्रात या कोड्याला चक्क डिस्नेलँडचं नाव आहे. १९७१ साली वॉल्टर ओई यांनी त्यावर निबंध लिहिला: दारात मोठं तिकीट घ्यावं आणि आत सगळं मोकळं ठेवावं, की दारात थोडं घेऊन आत प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे लावावेत? कॅलिफोर्नियात १९५५ साली उघडलेलं डिस्नेलँड बरीच वर्षं दुसऱ्या पद्धतीने चाललं. प्रत्येक राइडला कुपन फाडायचं. १९८२ साली कुपनं बंद झाली, एकच तिकीट आलं. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांनी हीच एकतिकिटी पद्धत घेतली. पाळण्यांवर मीटर बसलंच नाही, ते पोटाला बसलं.

याच्या समर्थनातही एक चांगला अभ्यास आहे. रिकार्ड गिल आणि वेस्ली हार्टमन यांनी २००९ साली स्पेनमधल्या थिएटरांच्या विक्रीवरून दाखवलं की ज्यांना सिनेमासाठी जास्त पैसे मोजायची तयारी असते, तेच आत जास्त खातात. म्हणजे पॉपकॉर्न महाग ठेवून तिकीट आवाक्यात ठेवता येतं, आणि कमी पैशांवाल्यालाही सिनेमा दिसतो. युक्तिवाद मला पटतो, पण थिएटरपुरता. अडीच-तीन तास काही न खाता कुणीही बसू शकतो, तिथे पॉपकॉर्न ही हौस आहे. मे महिन्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, उन्हात, दोन पोरं आणि साठीची बाई घेऊन फिरताना पाणी ही हौस नसते. तिथे जास्त पैसेवाला जास्त खातो असं होत नाही. ज्यांच्यात माणसं जास्त, त्यांचं बिल जास्त. आणि एकदाच येणारी माणसं सगळं घर घेऊन येतात, म्हातारीसकट.

आपल्या राज्यात हा वाद पार्कांपेक्षा मल्टिप्लेक्सवरून गाजला. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील. २०१८ च्या उन्हाळ्यानंतर पुण्यात आंदोलनं झाली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका होती. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी जाहीर केलं की १ ऑगस्टपासून प्रेक्षकांना बाहेरचं खाणं नेता येईल. ऑगस्ट उजाडला आणि त्याच सरकारने न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की या बंदीत हस्तक्षेप करायची गरज वाटत नाही. पुढे ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला: थिएटर ही मालकाची जागा, अटी घालायचा हक्क मालकाचा. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी कुणी जिलेबी खाऊन हात खुर्चीला पुसले तर काय, असं उदाहरण दिलं. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडिलांना नेता यायला हवं, हेही न्यायालयाने नोंदवलं.

बाटलीचीही अशीच गोष्ट. एकाच मालावर दोन वेगळ्या छापील किमती टाकायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. 'एकाच' हा त्यातला नाजूक शब्द. बाटलीचं नाव बदललं, आकार बदलला, की माल तोच राहत नाही. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटांबाबत सांगितलं होतं की ती नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवाही देतात, म्हणून छापील किमतीचं बंधन तिथे लागू नाही. कायद्याचं हे म्हणणं मी समजू शकतो. पण आमच्या टेबलावर सेवा म्हणून कुणी आलं नव्हतं. ताट मीच उचललं, टेबल वहिनीने पुसलं.

मालकाचा हक्क मान्य करूनही एक प्रश्न उरतो: हा हक्क वापरलाच पाहिजे का? ज्या डिस्नेलँडची सगळ्यांनी नक्कल केली, त्या कॅलिफोर्नियातल्या पार्कात आज घरचं खाणं नेता येतं. काचेची भांडी आणि दारू मात्र नको. तरी तिथली दुकानं ओस पडलेली नाहीत. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये मात्र बंदी होती. २०१९ साली कायदा शिकणाऱ्या एका मुलीला गेटवर अडवलं. तिच्याकडचा खाऊ होता ४६.३ युआनचा. तिने सरळ खटला भरला. लोक तिच्या बाजूने उभे राहिले, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने तडजोड केली. तिला ५० युआन मिळाले, आणि गेटवर डबा नेऊ द्यायला सुरुवात झाली. एवढ्या मोठ्या कंपनीचा नियम एका विद्यार्थिनीच्या खाऊने हलला.

स्वच्छतेचं कारण सगळेच देतात. मला ते डब्यावरच का लागू होतं कळत नाही. फूड कोर्टाच्या कचरापेटीतून कागदी थाळ्या बाहेर वाहत होत्या. आमचा डबा स्टीलचा होता.

पण मला खरं डाचलं ते पुढचं. त्याच फूड कोर्टाच्या टोकाला एक 'गाव' उभं केलं होतं. गवताचं छप्पर, भिंतीवर वारली चित्रं, बैलगाडीचं चाक, नऊवारीतली पुतळी. तिथे पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा, २८० रुपये. आईने ते ताट पाहिलं आणि हसली. "एका ताटात आठवड्याचं पीठ गेलं की रं." याच महाराष्ट्रात १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली होती. ती योजना नीट चालली नाही हा भाग वेगळा, पण झुणका-भाकरीची ओळख तेव्हा पोट भरणारं अन्न अशी होती. आता ती देखावा आहे. जी बाई हे अन्न रोज करते, तिचा डबा पार्किंगमध्ये तापत होता, आणि त्याच अन्नाची नक्कल तिला छपराखाली विकायला मांडली होती. थीम पार्कात थीम म्हणून आम्ही चालतो. डबा घेऊन आलो की चालत नाही.

हल्ली आमच्याकडच्या शाळांच्या सहली अशा पार्कांना जातात. पूर्वी सज्जनगड, प्रतापगड, नाहीतर पन्हाळा असायचा, आणि दुपारी सगळ्यांचे डबे एका चादरीवर उघडायचे. कुणाचा डबा बरा, कुणाचा साधा, हे कळायचं, पण वाटून खाताना विसरायचंही. पुतणीच्या सहलीच्या चिठ्ठीत यंदा शेवटची ओळ होती, 'खाऊसाठी सोबत ५०० रुपये द्यावेत.' ती परत आल्यावर मी विचारलं, काय खाल्लं? तिने सांगितलं. मग स्वतःहून म्हणाली, "आमच्या वर्गातली एक जण काहीच खात नव्हती. तिला भूक नव्हती."

चौथीतली मुलगी. आईचं वाक्य तिलाही आतापासूनच येत होतं.

मला फार काही नको आहे. गेटच्या आत ठळक दिसेल अशा जागी पिण्याच्या पाण्याचे मोफत नळ, आणि रिकामी बाटली आत न्यायची मुभा. डबा उघडायला एक कोपरा, हवं तर पार्कच्या सगळ्यात मागच्या टोकाला. आणि तिकीट काढतानाच, त्याच स्क्रीनवर, पाण्याचा आणि जेवणाचा भाव. यातल्या कशानेही पार्क बुडणार नाही. पिझ्झा खाणारे पिझ्झाच खातील. आमची पोरंही खातील, धपाट्यानंतर.

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आम्ही बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर टोलनाक्याच्या पुढे दादाने गाडी कडेला घेतली. डिकी उघडली. दही आंबून गेलं होतं, ते टाकून दिलं. धपाटे मात्र चांगले होते. पोरं दिवसभराच्या राइड्स मोजत होती. आई डिकीच्या कडेला टेकली, एक धपाटा हातात घेतला, त्यावर चटणी ठेवली, आणि एकही शब्द न बोलता चार धपाटे खाल्ले.