हाडांच्या सापळ्याचा आवाज

शब्दभ्रमाच्या कलेतील विनोद बाहुलीच्या तोंडात नसतो. बाहुली आणि तिला मांडीवर घेऊन बसलेला माणूस यांच्यामधल्या अंतरात तो असतो. ती उद्दामपणे बोलते, तो ओशाळून तिला आवरतो आणि दोन्ही आवाज एकाच कंठातले आहेत हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. पाध्ये पितापुत्रांचा अर्धवटराव ज्यांनी पाहिला, त्यांना हे निराळे सांगायला नको. ‘व्हेंट्रिलोक्विस्ट’ या शब्दाचा लॅटिन अर्थ ‘पोटातून बोलणारा’. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील एन-दोरच्या स्त्रीसाठी ग्रीक भाषांतरकारांनी याच अर्थाचा शब्द योजला, हे जाता जाता.

जेफ डनहॅम या अमेरिकन शब्दभ्रमकाराच्या बाहुलीवर बेतलेला ‘अख्मेद सेव्ज अमेरिका’ (२०१४) हा व्यंगपट आम्ही पाहिला तो ही कसोटी मनात ठेवून. अख्मेद म्हणजे मेलेल्या आत्मघातकी दहशतवाद्याचा सापळा : डोक्यावर पागोटे, जाड भुवया, गरगर फिरणारे डोळे. २००७ सालच्या ‘स्पार्क ऑफ इन्सॅनिटी’ या रंगमंचीय कार्यक्रमाने त्याला प्रसिद्धी दिली. तो जिवे मारण्याची धमकी देतो आणि त्याचे स्वतःचेच पाय निखळतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर धास्तावलेल्या समाजाला आपल्या भीतीवर हसण्याची मोकळीक हवी होती. तिला आम्ही क्षुल्लक मानत नाही.

चित्रपटात अख्मेद अमेरिकाव्हिल नामक गावी पोहोचतो, स्मृती गमावतो, फ्रेंच विद्यार्थी समजून एका कुटुंबात राहतो, आणि स्मृती परतल्यावर गावाचा नाश करावा की नाही या पेचात सापडतो. शत्रू आपल्याच पंगतीला जेवतो, ही कल्पना मोठी आहे. पण गावाचे नावच अमेरिकाव्हिल! त्याला पालटणारी माणसे कुणी विशिष्ट उरतच नाहीत; उरतो तो केवळ देशाचा नामफलक. असे मनपरिवर्तन आम्हाला फार स्वस्तातले वाटले.

याहून मोठी हानी कलेची झाली. व्यंगपटात प्रत्येक पात्राला न दिसणारा कुणीतरी आवाज देत असतो. मग बाहुलीचे वेगळेपण ते काय राहिले? महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्येही तात्या विंचू बाहुलीवाल्यावाचून आपला आपणच बोलत होता. परंतु जिवंत नटांमध्ये तो बाहुलाच राहिला, म्हणून धडकी भरली. अख्मेदला मात्र रेखाटलेल्या जगात रेखाटलेले पाय मिळतात आणि त्याची केविलवाणी असहायता संपते.

मग मागे उरतात पागोटे आणि उच्चारांचे हेल. रंगमंचावर अख्मेद आपण मुसलमान नसल्याचे सांगतो आणि पुराव्यादाखल पाठीमागचा चिनी बनावटीचा शिक्का पुढे करतो. ही पळवाट आहे, तरी तिच्यात खट्याळपणा आहे. हिंदी चित्रपटांनी आमच्या समाजाला वर्षानुवर्षे दारूची बाटली आणि मोडकी हिंदी बहाल केली. थिएटरात आम्हीही इतरांबरोबर हसलो आणि घरी परतताना गप्प होतो. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अख्मेदच्या आवाजाच्या मोबाइल रिंगटोनच्या जाहिरातीवर तेथील जाहिरात नियामक संस्थेने बंदी घातली, तेव्हा तक्रार करणारा चिडखोर होता असे म्हणणे म्हणूनच आम्हाला जड जाते.

ज्यांना अख्मेद पाहायचाच आहे त्यांनी २००७ चा प्रयोग पाहावा, आणि सापळा ओरडत असताना डनहॅमच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे.