बूच, बाटली आणि दुखरा अंगठा

मंडळी, मागच्या व्याख्यानात हत्यार आणि यंत्र यांतला फरक सांगताना आम्ही एक शब्द देऊन बसलो होतो, की पुढच्या वेळी एकच हत्यार घेऊ आणि त्याची नीट चिकित्सा करू. नुसती तत्त्वं नकोत, वस्तू समोर हवी. संयोजकांना वाटलं, आम्ही विळी किंवा अडकित्ता आणणार. आम्ही आणले आहेत कॉर्कस्क्रू, वाइनच्या बाटलीचं बूच काढायची हत्यारं. टेबलावर चार आहेत. मागच्या रांगेला दिसत नसतील, म्हणून एकेकाचं वर्णन करत जातो, शेवटी हातोहात फिरवू.

हाच विषय का? एक तर इथे प्रश्न अगदी स्वच्छ आहे. काचेच्या नळीत घट्ट बसलेलं बूच, ते न मोडता बाहेर काढायचं. बस्स. आणि एवढ्याशा प्रश्नावर लोक दोनशेहून अधिक वर्षं पेटंटं घेत आले आहेत. त्यामुळे रचना करणाऱ्याचं डोकं कसं चालतं, कुठे अडतं, कुठे स्वतःवरच खूश होऊन फसतं, हे इथे जितकं उघड दिसतं तितकं मोटारीत किंवा विमानात दिसत नाही. दुसरं कारण आमच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. ते ओघात येईल.

आधी बूच पाहू, कारण शत्रू ओळखल्याशिवाय शस्त्राची परीक्षा करता येत नाही. हे बूच म्हणजे कॉर्क ओक नावाच्या झाडाची साल. जगातल्या बुचांपैकी निम्म्याच्या आसपास माल एकट्या पोर्तुगालचा. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा साल सोलून घेतात. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली याच सालीचा पातळ काप ठेवला आणि त्याला जे कप्पे दिसले त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. आपल्या शाळेतल्या ‘पेशी’ची जन्मकथा बुचात आहे. त्या कप्प्यांत हवा भरलेली असते, म्हणून बूच दबतं आणि परत फुलू पाहतं. त्याचा मूळ व्यास साधारण चोवीस मिलिमीटर आणि बाटलीच्या मानेचा आतला व्यास साडेअठरा. म्हणजे ते सतत काचेवर रेटा देत असतं. यात आणखी एक गंमत आहे. रबर एका दिशेने दाबलं की ते दुसऱ्या दिशेने फुगतं. बूच जवळजवळ फुगतच नाही, म्हणून तर ते मानेत ढकलता येतं. बाहेर काढायला मात्र वीस ते चाळीस किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. आणि बूच बाटलीच्या काठाशी सपाट बसलेलं, धरायला काही शिल्लक नाही.

म्हणून बुचाच्या पोटात शिरून तिथे पकड मिळवायची. ही युक्ती वाइनवाल्यांची नसावी. बंदुकीच्या नळीत अडकलेली गोळी किंवा चिंध्या ओढून काढायला सैनिक मळसूत्री आकडा वापरत, त्यातून ती आली असं मानतात. १६८१ मध्ये नेहेमिया ग्रू या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीच्या संग्रहालयाची सूची छापली, तिच्यात बूच काढायच्या पोलादी मळसूत्राचा उल्लेख आहे. पहिलं हत्यार ते हेच, टेबलावरचं डावीकडचं: खाली मळसूत्र, वर आडवी लाकडी मूठ. दोनच भाग. यापेक्षा साधं काय असणार? पण हे वापरायचं कसं ते बघा. मळसूत्र फिरवून आत घालायचं, बाटली दोन गुडघ्यांत धरायची, कंबर वाकवायची आणि दात-ओठ खात उपसायचं. हत्यारात जे नाही ते सगळं माणसाच्या पाठीवर, गुडघ्यांवर आणि खांद्यांवर आलं. भाग मोजून साधेपणा ठरवणारे आमचे काही विद्यार्थी होते. त्यांना आम्ही हे हत्यार देत असू आणि पाच बाटल्या उघडायला सांगत असू. बाटल्या रिकाम्याच, बूच मारलेल्या, गैरसमज नको.

१७९५ साली सॅम्युएल हेनशॉल नावाच्या इंग्रज पाद्र्याने कॉर्कस्क्रूवर इंग्लंडमधलं पहिलं पेटंट घेतलं. त्याने काय जोडलं? मळसूत्र जिथे दांड्याला मिळतं तिथे एक छोटी चकती. एवढंच. मळसूत्र पूर्ण आत गेलं की चकती बुचाच्या माथ्याला टेकते. आता पुढे जाता येत नाही, पण हात फिरतच असतो. मग बूचच मळसूत्राबरोबर फिरायला लागतं आणि काचेशी चिकटलेलं सुटतं. हेनशॉलला कळलं ते असं, की खरी अडचण ओढण्यात कमी आणि चिकटण्यात जास्त आहे. ते हत्यार बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडे, म्हणजे वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटच्या भागीदाराकडे, तयार झालं आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरलं गेलं, ‘ऑब्स्टांडो प्रोमोवेस’. अडून राहून तू पुढे नेतोस. पाद्रीबुवांना एका चकतीत केवढं दिसलं पाहा. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हेवा वाटावा असं वाक्य आहे ते.

तरी ओढायचा जोर माणसाचाच राहिला. तो प्रश्न १८८२ मध्ये रोस्टॉकच्या कार्ल वीन्केने सोडवला, आणि इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आमचं जुनं प्रेम इथे आहे. हे दुसरं हत्यार. इंग्रजीत याला ‘वेटर्स फ्रेंड’ म्हणतात. मिटलं की चाकूसारखं खिशात जातं. उघडलं की मूठ, मध्ये बिजागरीवर मळसूत्र, आणि टोकाला एक लहान पाय. मळसूत्र आत घालायचं, पाय बाटलीच्या काठावर टेकवायचा, मूठ वर उचलायची. तरफ. पायाकडच्या टोकापासून मळसूत्र जितकं दूर, त्याच्या साधारण चौपट लांब मूठ. म्हणून तीस किलोचा जोर सात-आठ किलोंवर येतो.

पण आम्हाला मोह पडला तो या गुणाकाराचा नव्हे. वर्गात आम्ही एक प्रश्न विचारत असू: या क्रियेत बाटली हे कर्म की करण? बाटली उघडायची, म्हणून ती कर्म, हे पहिलं उत्तर. पाणिनीच्या मते क्रिया घडवण्यात ज्याचा सर्वांत अधिक उपयोग होतो ते करण. मग टेकू कोण देतं? बाटलीचा काठ. काठ नसता तर तरफ नाही, तरफ नसती तर बूच निघत नाही. म्हणजे जी वस्तू अडवून बसली आहे तिलाच वीन्केने कामाला लावलं. टी-आकाराच्या हत्यारात बाटलीला गुडघ्यांत पकडून गप्प बसवावी लागते. इथे ती भागीदार होते. समोर आधीच जे आहे ते उसनं घेतलं, म्हणून हत्यार एवढंसं राहिलं. साधेपणा याला म्हणतात, असं आम्ही तीसेक वर्षं शिकवलं.

त्यात दोष नाहीत असं नाही. तरफेचं टोक सरळ वर जात नाही, कमानीत जातं. बूच लांब असलं तर शेवटी ते तिरकं ओढलं जातं आणि मोडतं. पुढे स्पेनमध्ये पायाला मध्ये सांधा देऊन दोन टप्पे केले. आधी वरच्या खाचेवर टेकायचं, मग खालच्या. आमच्याकडचं तसंच आहे. ही दुरुस्ती मूळ कल्पनेला शोभणारी आहे, एक सांधा वाढला आणि काम झालं.

आता तिसरं. हे तुम्ही सगळ्यांनी दुकानात पाहिलं असेल: दोन बाजूंना दोन पंख. मळसूत्र आत जाईल तसे पंख वर जातात, मग दोन्ही हातांनी ते खाली दाबायचे. १९३० मध्ये अमेरिकेत डॉमिनिक रोसाटीने याच्या एका रूपाचं पेटंट घेतलं. १९९४ मध्ये आलेस्सांद्रो मेंदिनी या इटालियन रचनाकाराने अलेस्सी कंपनीसाठी याच यंत्रणेला बाईचं रूप दिलं. डोकं फिरवायचं, हात वर जातात. ‘अॅना जी’ तिचं नाव. ती जगभर खपली. बघताना हसू येतं आणि एखाद्या हत्याराने हसवावं यात आम्हाला गैर वाटत नाही. पण आमची तक्रार या जातीच्या हत्यारांतल्या स्वस्त मालाबद्दल आहे, आणि ती मळसूत्राच्या टोकाशी आहे.

कृपा करून पुढे या आणि याचं टोक बघा. चांगलं मळसूत्र म्हणजे वेटोळं घातलेली तार. खालून पाहिलं तर मधोमध मोकळी जागा दिसते, आगपेटीची काडी जाईल एवढी. ते बुचात एक नागमोडी वाट काढतं आणि आजूबाजूचं बूच शाबूत ठेवतं. पुष्कळ पंखवाल्यांत मात्र असतं गिरमिट: मध्ये भरीव दांडा आणि भोवती धार. गिरमिटाचा धर्म भोक पाडणं. ते बुचात भोक पाडतं, भुगा करतं, आणि ओढलं की भोकातून नुसतं सुटून येतं. म्हणजे दोन पंख, दातेरी चाकं, चकचकीत धातू हा सगळा खर्च वरच्या बाजूला, जिथे डोळा जातो. आणि जिथे लोखंड बुचाला भिडतं तिथे विचार संपलेला. ग्राहक यंत्रणा विकत घेतो, टोक विकत घेत नाही. आम्ही या हत्याराची वर्गात यथेच्छ टर उडवली आहे.

आता अंगठा. चार वर्षांपूर्वी अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज सुरू झाली. गेल्या दिवाळीत लेक-जावई आले, त्यांनी बूच असलेली एक बाटली आणली, आणि साहजिकच ती आमच्या हातात आली, कारण या घरात या विषयावर दुसरं कोणी बोलूच शकत नाही. वीन्केचं हत्यार काढलं. मळसूत्र निम्मं गेलं आणि बोटांनी ती बारीक मूठ सोडून दिली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. कसंबसं आत घातलं, तर पाय काठावर दाबून धरायला दुसरा अंगठा हवा, तोही तसलाच. जावई उठणार होते. त्यांच्या आधी आमच्या सौभाग्यवती उठल्या. त्यांनी ड्रॉवरमधून पंखवालं आणलं, बाटली टेबलावर ठेवली, डोकं फिरवलं, तळहातांनी पंख दाबले. झालं. “तुमचं ते हुशार आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण ते हुशार हातासाठी आहे.”

प्याल्यात भुगा तरंगत होता, हे इथे नोंदवून ठेवतो. टोकाबद्दलची आमची टीका खरी होती आणि आहे. पण सौभाग्यवतींचं म्हणणंही खरं होतं, आणि ते आम्हाला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. आम्ही वीन्केचा जोर मोजला, पकड मोजली नाही. पंख दाबायला पकड लागतच नाही. उघडा तळहात आणि अंगाचं थोडं वजन पुरतं. विळीवर नारळ खवताना पाट पायाखाली दाबून धरतात, तोच न्याय. आम्ही विळीचं कौतुक करणारे आणि पंखांना हसणारे.

हायडेगरने १९२७ च्या ग्रंथात हातोड्याची जी चर्चा केली ती आपण मागे पाहिली: चालू हत्यार नजरेआड असतं, बिघडलं की समोर येतं. तो हातोडा जड वाटण्याचीही गोष्ट करतो. पण हात कोणाचा, किती वर्षांचा, हे तो विचारत नाही. दिवाळीत आमचं हत्यार बिघडलं नव्हतं. ते होतं तसंच होतं. वेटरच्या मित्राने आम्हाला कधी फसवलं नव्हतं. आम्ही वेटर नव्हतो, एवढंच. त्याची सगळी रचना दिवसाला पन्नास बाटल्या उघडणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या हातावर बेतलेली आहे आणि तो गुणच आम्ही सर्वसामान्य समजून बसलो.

म्हणून चौथं हत्यार. १९७९ च्या सुमारास ह्यूस्टनच्या हर्बर्ट अॅलनने ‘स्क्रूपुल’ काढलं. अॅलन तेलविहिरींच्या उपकरणांतला अभियंता; भोकांची आणि घर्षणाची त्याला जन्माची सवय. त्याने दोन गोष्टी केल्या. बाटलीच्या मानेवर बसणारी चौकट, जी मळसूत्राला बरोबर मध्यावर धरते. आणि लांब, टेफ्लॉन चढवलेलं मळसूत्र. एकाच दिशेने फिरवत राहायचं. मळसूत्र आत जातं, मग मूठ चौकटीवर अडते, तरी फिरवत राहिलं की बूच मळसूत्रावर चढत वर येतं. ओढणं नाही, दाबणं नाही. पाद्रीबुवांचं ‘अडून राहून पुढे’ इथे दोनशे वर्षांनी पुरं झालं. आणि टेकू पुन्हा बाटलीच्याच काठाचा.

पूर्वी आम्ही याला प्लास्टिकचा खटाटोप म्हणत असू. ते मत मागे घेतो. खिशात मावत नाही ही उणीव आहे. वर्तुळात फिरवणं सगळ्याच मनगटांना सोसत नाही, हीसुद्धा. १९९० मध्ये सॅम फार्बरने पत्नीच्या संधिवाताचे हात पाहून जाड, मऊ मुठीची सोलाणी आणली, ‘ऑक्सो’ची, आणि ती धडधाकट लोकांनाही आवडली. तशी मूठ अॅलनच्या मळसूत्रावर आली तर आम्ही पहिले गिऱ्हाईक.

कोणी म्हणेल, बूचच नको, फिरकीचं झाकण लावा. बरोबर आहे. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंगवाल्यांनी एकत्र येऊन तेच केलं, कारण बुचातल्या एका रसायनाने वाइनला कुबट वास येत होता. हत्याराचा प्रश्न त्यांनी बाटलीतच सोडवला. फक्त त्यांच्यापैकी कोणी आमच्या अंगठ्याने ते झाकण उघडून पाहावं. घट्ट झाकणाचं पहिलं अर्धं वळण हे निव्वळ पकडीचं काम आहे, आणि तिथे तरफ लावायला जागासुद्धा नाही.

असो. हत्यारं आता फिरवतो. दुसऱ्याला फॉइल कापायचं छोटं पातं आहे, ते बंद असल्याची खात्री करून घ्या. चौथ्याचं टोक फार तीक्ष्ण आहे, लहान मुलं असतील तर जपून. आणि तिसरं हातात आलं की त्याचं टोक खालून बघा, मग प्रश्न विचारा.