आलेख जुळला, म्हणजे कारण सापडले का?

विद्यापीठातील विभागांची नावे बहुधा अभ्यासविषयावरून पडलेली असतात. वनस्पतिशास्त्र विभागात वनस्पतींचा अभ्यास होतो, भूशास्त्र विभागात खडकांचा. पुणे विद्यापीठाने २००३ साली एक केंद्र सुरू केले, त्याचे नाव मात्र पद्धतीवरून पडले : सेंटर फॉर मॉडेलिंग अँड सिम्युलेशन. मराठीत त्याला प्रतिमान व सदृशीकरण केंद्र म्हणता येईल. एखाद्या घटनेतील मोजक्या महत्त्वाच्या गोष्टी ठेवून बाकीच्या वगळायच्या आणि उरलेल्यांचा परस्परसंबंध गणिताने मांडायचा, हे झाले प्रतिमान. ते संगणकावर चालवून काय घडते ते पाहायचे, हे सदृशीकरण. पुढे हे केंद्र विद्यापीठाच्या वैज्ञानिक संगणन, प्रतिमान व सदृशीकरण विभागाच्या रूपाने चालू राहिले.

असा स्वतंत्र विभाग का असावा? त्याच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. कपातला चहा निवत जातो, रक्तातले औषध कमी होत जाते, किरणोत्सारी पदार्थाचा क्षय होत जातो. ही तीन उदाहरणे आपण तीन वेगळ्या तासांना शिकवतो; पण तिन्हींचे मूळ समीकरण एकच. मग ते समीकरण मांडण्याची आणि संगणकावर सोडवण्याची विद्या भौतिकी, जीवशास्त्र, अर्थशास्त्र या साऱ्यांना एकत्र बसवून का शिकवू नये? पुण्याच्या केंद्रामागे हीच दृष्टी होती आणि ती योग्यच आहे.

परंतु या पद्धतीचे बळ जिथे आहे, नेमका तिथेच तिचा धोकाही आहे. एकच समीकरण अनेक कारणांना लागू पडत असेल, तर समीकरण जुळले एवढ्यावरून कारण कोणते ते ठरत नाही. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे.

१९२७ साली एडिंबरो येथील कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथींच्या गणिती सिद्धांतावर एक निबंध प्रसिद्ध केला. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक हे डॉक्टर. त्यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केली होती. त्यांच्या प्रतिमानात लोकांचे तीन गट पडतात : लागण होऊ शकणारे, आजारी आणि आजारातून सुटलेले, म्हणजे बरे झालेले वा मरण पावलेले. आजारी माणूस निरोग्याच्या संपर्कात आला की साथ वाढते. लागण होऊ शकणारे लोक कमी झाले की ती ओसरते. हे तपासण्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरील प्लेगचे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले. त्यांच्या सूत्रानुसार १७ व्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला ८९० मृत्यू हा कळस येतो. प्रत्यक्ष आकडे या घंटाकृती रेषेच्या अगदी लगत बसले. गेली कित्येक दशके ही आकृती पाठ्यपुस्तकांतून या सिद्धांताचा पुरावा म्हणून छापली जात आहे.

आता थोडा हिशेब करू. त्या सूत्राप्रमाणे एकूण मृत्यू होतात सुमारे ८,९००. मुंबईची लोकसंख्या तेव्हा सुमारे १० लाख. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी माणसे दगावली. उपचार नसताना गाठीच्या प्लेगमध्ये निम्म्याहून अधिक रोगी दगावत. तेव्हा लागण झालेलेही शेकडा दोनांच्या आतच असणार. मग लागण होऊ शकणारी माणसे संपत आली म्हणून साथ ओसरली, असे कसे म्हणायचे? शहरातली अठ्ठ्याण्णव टक्के माणसे तर शिल्लकच होती!

खरी गोष्ट अशी की तो प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातच नव्हता. तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरत होता, हे त्याच सुमारास मुंबईत प्लेग कमिशनच्या प्रयोगांतून सिद्ध होत होते. शिवाय १८९६ पासून तो मुंबईत वर्षानुवर्षे त्याच ऋतूत वाढत होता आणि त्याच ऋतूत उतरत होता. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हे उदाहरण पुन्हा तपासले आणि ऋतुमानाचा परिणाम वगळून या साथीचे स्पष्टीकरण देता येत नाही, असे दाखवून दिले. रेषा जुळली होती; कारण जुळले नव्हते.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगितले पाहिजे. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण धरले आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे पाळली जात नाहीत आणि म्हणून स्थिरांकांच्या किमतींवरून निष्कर्ष काढू नयेत, असा इशारा त्यांनी स्वतःच देऊन ठेवला होता. पुस्तकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला. माझा आक्षेप आहे तो या सवयीवर.

ही सवय जुनी झाली असे समजू नये. मार्च २०२० मध्ये पुणे विद्यापीठाच्या याच विभागातील भालचंद्र पुजारी आणि स्नेहल शेकटकर यांनी कोविडच्या प्रसाराचे एक प्रतिमान मांडले. १ लाखाहून अधिक वस्तीची भारतीय शहरे हे त्याचे बिंदू आणि विमान, रेल्वे व रस्ते या त्यांना जोडणाऱ्या रेषा. साथ कोणत्या क्रमाने शहरे गाठील, हा त्यामागचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नासाठी ही मांडणी योग्य होती. पण अशा नकाशात सोलापूर हा केवळ एक बिंदू असतो. २०११ च्या जनगणनेतील साडेनऊ लाख माणसे जणू एकाच भांड्यात ढवळली आहेत, असे धरावे लागते. पूर्वभागात एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, विडी वळणाऱ्या बाया पाने आणायला आणि विड्या द्यायला कारखान्यात ये-जा करतात, यंत्रमागावरचा कामगार पाळी संपवून दाटीच्या वस्तीत परततो. यांतले काहीच त्या बिंदूत दिसत नाही. त्यामुळे शहरांच्या क्रमासाठी केलेल्या प्रतिमानाला ‘आमच्या पेठेत कळस कधी?’ असे विचारले, तर चूक प्रतिमानाची नसून विचारणाऱ्याची असते.

उलट दिशेची चूकही झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने कळस सप्टेंबरमध्ये होऊन गेल्याचे आणि नियम पाळल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल असे सांगितले. त्यानंतर एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली. विषाणूचे डेल्टा हे नवे रूप आधीच्या समीकरणात नव्हते. असणे शक्यही नव्हते. जनतेपर्यंत मात्र ‘फेब्रुवारी’ पोहोचला, ‘नियम पाळल्यास’ हा शब्द वाटेतच गळाला.

मग प्रतिमानावर विश्वास ठेवायचा कधी? त्याचेही उत्तर सोलापुरातच मिळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मेघबीजनाचा प्रयोग केला. ढगांची प्रतिमाने संस्थेजवळ होतीच. तरीही विमान, रडार आणि पर्जन्यमापक यांचा खटाटोप करावा लागला. कारण बीजन केलेला ढग बीजनाशिवाय किती बरसला असता, हे कोणालाच पाहता येत नाही. म्हणून काही ढगांत बीजन करून आणि काही तसेच सोडून तुलना केली गेली. काही भागात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ आढळल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाला. तो आकडा पुढे बदलेलही. पण तो मोजमापातून आला आहे, तेव्हा त्याच्याशी वाद घालता येतो. हे महत्त्वाचे.

शिक्षकांनी याचे काय करायचे? आज अनेक शाळांत फळ्याच्या जागी पडदा आला आहे आणि लंबक, विद्युतमंडल, परागीभवन सारे पडद्यावर चालते. पडद्यावरचा लंबक कधी चुकत नाही, कारण त्याला चुकायला शिकवलेलेच नसते. दोऱ्याला टांगलेला दगड मात्र हवेने अडतो, गाठ सुटते, मोजणारा मुलगा एक झोका विसरतो. विज्ञान सुरू होते ते तिथे. तेव्हा आधी दगड, मग पडदा, हा क्रम सोडू नये.

आणि प्रतिमान शिकवायचेच असेल तर संगणकाची गरज नाही. ४० मुलांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. एक मूल ‘आजारी’. प्रत्येक आजारी मुलाने आपल्या फेरीत दोनदा चिठ्ठी काढायची आणि ती परत डब्यात टाकायची. ज्याचा क्रमांक येईल ते निरोगी मूल पुढच्या फेरीत आजारी. चिठ्ठ्या काढून झाल्या की पहिले बरे. प्रत्येक फेरीतील आजाऱ्यांची संख्या फळ्यावर मांडत जा. आकडा वाढेल, मग ओसरेल आणि सरासरी आठएक मुले अखेरपर्यंत सुटतील. आता दुसरा खेळ खेळा : चौथ्या फेरीनंतर ‘उन्हाळा आला’ म्हणून दोनाऐवजी दोन आजारी मुलांत मिळून एकच चिठ्ठी. पुन्हा चढ, पुन्हा उतार. दोन्ही आलेख शेजारच्या वर्गाला दाखवा आणि कोणत्या खेळात कोणता नियम होता ते ओळखायला सांगा. केवळ आलेखावरून सांगणे किती अवघड आहे, हे मुलांना व्याख्यानाशिवाय समजेल. मुंबईचा प्लेग हाच तर खेळ खेळला.

विद्यापीठांकडून अपेक्षाही याच धर्तीच्या आहेत. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे विद्यापीठ आहे. उद्या इथेही प्रतिमानांचा विभाग निघावा. परंतु त्याच्या प्रत्येक संगणकामागे विहिरींची पाणीपातळी मोजणारे, यंत्रमागाच्या वस्तीत घरोघर जाणारे हात असावेत. प्रत्येक भाकितासोबत त्याची गृहीतके मराठीत छापावीत आणि भाकीत चुकले तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे. जे प्रतिमान कोणत्या परिस्थितीत आपण चुकू हे आधी सांगत नाही, त्याचा आलेख कितीही सुबक जुळला तरी तो वर्गात पुरावा म्हणून नेऊ नये.